दोन हातांत दोन टोप्या

आमच्या बुलागताइ गावच्या शाळेत हिवाळ्यात वर्ग उबदार ठेवायचं काम योंदोनकडे होतं. शाळेच्या मागे कोळशाची भट्टी होती आणि तिथून गरम पाण्याचे नळ सगळ्या वर्गांतून फिरत. मी फळ्यावर गणित लिहीत असताना त्या नळांतून कधी कधी माणसाचा आवाज यायचा. लांबवलेला, मध्येच थांबणारा, मग तेच शब्द जरासे बदलून पुन्हा येणारा. नवी मुलं दचकायची. जुनी मुलं त्यांना सांगायची, "घाबरू नकोस रे, योंदोनकाका उन्हाळ्याची तयारी करतोय."

उन्हाळ्यात योंदोन झासूल असायचा. नादाम म्हणजे आमची उन्हाळी जत्रा; तिच्या फडात पैलवान एकटा उतरत नाही, त्याचा झासूल त्याच्याबरोबर गवतावर येतो. कुस्ती लागताना पैलवानाची टोपी काढून घ्यायची आणि कुस्ती चालेपर्यंत ती हातात धरून उभं राहायचं. पैलवान ढिला पडला की त्याच्या पार्श्वभागावर सणसणीत चापट मारून त्याला जागं करायचं. तो जिंकला की टोपी परत त्याच्या डोक्यावर चढवून त्याला झेंड्याभोवती गरुडासारखं नाचायला सोडायचं. आणि ज्याच्या नावाला किताब आहे त्याचं बिरुद साऱ्या माळाला ऐकू जाईल असं पुकारायचं, हेही झासूलाचंच काम. दोन दिवसांच्या या कामासाठी नवरा वर्षभर जगतो, असं योंदोनची बायको खानद म्हणायची. आणि ती हे कौतुकानं म्हणत नसे.

तो स्वतः कधी कुस्ती खेळला नाही. अंगानं गेरच्या, म्हणजे आमच्या गोल तंबूघराच्या, मधल्या खांबासारखा, सरळ आणि बारीक. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता त्याच्या डोक्याच्या थोडं वर बघायचा, त्यामुळे लोक हात लावून आपापली टोपी नीट आहे ना ते पाहायचे. काही विचारलं तर उत्तर यायला वेळ लागायचा, जणू ते नदीच्या पलीकडून यायचं आहे. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. तिच्या अभ्यासाविषयी बोलायला मी त्याला एकदा बोलावलं, तर तो सगळा वेळ खिडकीबाहेर पाहत बसला. शेवटी मी म्हटलं, "योंदोन, काय दिसतंय तिथे?" तो म्हणाला, "बाई, तो ढग बघा. त्याला डावा खांदा आहे, उजवा नाहीच." मी पाहिलं, तर खरोखरच नव्हता.

पण हाच माणूस गवतावर उभा राहून तोंड उघडायचा तेव्हा लांब बांधलेली घोडी कान टवकारायची. एवढा आवाज त्या बारीक अंगात कुठे मावायचा, कोण जाणे. तो ओरडायचा नाही. शब्द सोडून द्यायचा, आणि ते आपले आपण डोंगरापर्यंत जायचे.

त्याच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती साऱ्या गावाला ठाऊक होती. त्याला लोदोइचं बिरुद पुकारायचं होतं.

लोदोइ त्याचा लहानपणचा मित्र. वरच्या खोऱ्यात घोडी आणि मेंढ्या राखायचा. मोठा, संथ, मायाळू माणूस. बसला की टेकडी बसल्यासारखा दिसायचा. दरवर्षी नादामला उतरायचा, पहिल्या तीन फेऱ्या मारायचा आणि चौथीत पडायचा. चौथी मारली असती तर तो शेवटच्या कुस्तीला गेला असता. आमच्याकडे शेवटची कुस्ती हरणारासुद्धा गावचा 'ससाणा' होतो, आणि जिंकणारा 'हत्ती'. हत्ती आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही, पण किताब मोठा आहे. किताब नसेल त्याचं नुसतं नाव पुकारतात, बिरुद नाही. आणि किताबवाले म्हातारे झाले तरी झेंड्याजवळ, दोरीच्या आत, बुरणुसावर बसतात. बाकीचे ज्या दिवशी कुस्ती सोडतात त्या दिवसापासून दोरीच्या बाहेर.

लोदोइला किताब नव्हता. बिरुद मात्र तयार होतं. योंदोननं ते कित्येक हिवाळे भट्टीपाशी बसून रचलं होतं. मला त्यातलं थोडं नळातून पाठ झालं होतं:

"खांगाइ डोंगराच्या कुशीत वाढलेला,
ढगाची सावली पाठीवर वागवणारा,
धरलं तर नदीचा काठ,
सोडलं तर नदी..."

इथे तो नेहमी थांबायचा. शेवटची ओळ त्याला मिळत नव्हती.

मी सांगतेय त्या वर्षी, नादामच्या आदल्या दिवशी, मी खानदकडे चहाला गेले होते. लोदोइ आला, दारातून वाकून आत शिरला आणि त्याच्याबरोबर गेरमधली निम्मी जागा संपली. खाऱ्या चहाचा वाडगा दोन्ही हातांनी घेऊन म्हणाला, "योंदोन, हे शेवटचं."

योंदोननं वर छताच्या झरोक्याकडे पाहिलं. "गुडघा?"

"गुडघा म्हणतो नको. त्सेवेल म्हणते नको. एकट्या गुडघ्याचं मी ऐकलं नसतं."

"बायकोचं ऐकणारा पैलवान," खानद म्हणाली. "म्हणूनच तुला किताब नाही."

"वहिनी, तुमच्या नवऱ्यानं तुमचं कधी ऐकलंय? त्याला कुठे किताब आहे?"

खानद हसली आणि त्याच्या वाडग्यात आणखी चहा ओतला. योंदोन हसला नाही. "मग पुढच्या वर्षी?" त्यानं विचारलं.

"पुढच्या वर्षी दोरीच्या बाहेर. गरमागरम तळलेले खुशूर खात बसेन आणि तुमच्या चुका काढेन."

चुलीवरचं दूध वर आलं आणि खानदनं ते पळीनं उंचावून पुन्हा पुन्हा खाली सोडलं.

दुसऱ्या दिवशी आकाश इतकं मोठं होतं की माणसं हळू बोलत होती. ढग एकेक करून डोंगराआडून निघायचे आणि त्यांच्या सावल्या माळावरून चालत यायच्या. तंबूंवरून, घोड्यांवरून, आमच्यावरून जायच्या, आणि ज्याच्यावरून सावली जायची तो क्षणभर गप्प व्हायचा. आम्ही जुने शिक्षक दोरीला लागूनच बसायचो, उजव्या बाजूला. ही योंदोनची बाजू. समोर डावी बाजू, तिथे शागदर नावाचा दुसरा झासूल. पोट सुटलेला, खणखणीत गळ्याचा, चांगल्या मनाचा आणि वाईट जिभेचा.

माझ्या मागेच लोदोइची बायको त्सेवेल खोगीर घातलेल्या घोड्यावर बसून, दुसरा घोडा लगामानं धरून थांबली होती.

"उतर की खाली," मी म्हटलं. "आत्ताशी तर सुरुवात आहे."

"तो हरला की निघायचंय, बाई. घोड्या दोहायच्या राहिल्यात, त्या नादाम बघून थांबत नाहीत."

"आणि जिंकला तर?"

"तुम्ही गणित शिकवायचात ना? इतक्या वर्षांचा हिशेब काय सांगतो तुम्हाला?"

असं म्हणाली खरी, पण घोड्यावरून उतरली नव्हती ती उंचावरून नीट दिसावं म्हणून. हे तिच्या मानेवरून कळत होतं.

पहिल्या दोन फेऱ्या लोदोइनं सहज मारल्या. तिसरी लागली तेव्हा योंदोनच्या बाजूचे दोघेच उरले होते. एक लोदोइ आणि दुसरा गोंचिग, गावच्या पाण्याच्या गाडीचा ड्रायव्हर, विशीतला, तापल्या दगडासारखं अंग. दोन वर्षांपूर्वी तो ससाणा झाला होता आणि या वर्षी हत्ती होणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दोघांच्या कुस्त्या एकाच वेळी लागल्या, एक इकडे, एक तिकडे. मध्ये योंदोन दोन हातांत दोन टोप्या घेऊन उभा. टोप्या सारख्याच, निमुळत्या, वर गाठ असलेल्या.

मी त्याच्याकडे पाहत होते. तो कुस्तीकडे पाहत नव्हता. एका ढगाची सावली डोंगरावरून उतरत होती आणि त्याचे ओठ हलत होते. मग एकाएकी त्याचा चेहरा असा उजळला की जणू कुणी आतून दिवा लावला. मी ओळखलं. शेवटची ओळ आली.

नेमक्या त्याच वेळी दोन्ही कुस्त्या निकाली झाल्या. इकडून लोदोइ आला, तिकडून गोंचिग, दोघंही धापा टाकत. योंदोननं वर बघतच दोघांच्या डोक्यावर टोप्या चढवल्या. दोघं हात पसरून झेंड्याभोवती नाचले. गोंचिग ससाण्यासारखा, लोदोइ वाऱ्यावर झुलणाऱ्या मोठ्या झाडासारखा. मग ताटातले वाळवलेल्या चक्क्याचे तुकडे उचलून त्यांनी लोकांवर उधळले. एक माझ्या मांडीवर पडला, तो मी खाल्ला. पैलवानाच्या हातचा चक्का दाताला कडक असला तरी सोडायचा नसतो.

चौथी फेरी. उरलेल्या चौघांत किताबवाला गोंचिग एकटाच, म्हणून जोड निवडायचा मान त्याचा. त्यानं लोदोइकडे बोट केलं. अपमान नव्हता त्यात. थकलेला, गुडघ्यानं अधू असा जोड शहाणा माणूस निवडतोच. गोंचिग डाव्या बाजूला गेला आणि त्यानं आपली टोपी शागदरच्या हातात दिली. इकडे लोदोइनं आपली टोपी काढून योंदोनला दिली.

योंदोननं ती घेतली आणि त्याची बोटं आतल्या कडेवरून फिरली. एकदा फिरली, पुन्हा फिरली. लोदोइच्या टोपीचं अस्तर विरलं होतं तिथे त्सेवेलनं जुन्या रेशमी कापडाचं ठिगळ लावलेलं होतं, हे योंदोनच्या बोटांना डोळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. त्याचा चेहरा कोळशासारखा झाला.

टोपी म्हणजे माणसाचं नशीब. आमच्याकडे ती जमिनीवर टाकत नाहीत, उलटी ठेवत नाहीत, आणि एकाची दुसऱ्याच्या डोक्यावर तर गमतीतही चढवत नाहीत. झासूलाच्या हाती टोपी देतात ती याच भरवशावर.

"लोदोइ," तो म्हणाला. दोघं दोरीपासून हाताच्या अंतरावर होते, त्यामुळे मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. "ही तुझी नाही."

"काय?"

"टोपी. मघाशी त्याची तुला घातली. तुझी त्याला."

लोदोइनं मानेमागचा घाम पुसला. "म्हणजे तिसरी फेरी मी मारली ती..."

"ती टोपी घालायच्या आधी मारलीस. ती तुझीच. नाच मात्र त्याच्या टोपीत नाचलास."

"तरीच म्हटलं, आज पाय इतके हलके कसे पडतायत." लोदोइ हसणार होता, पण हसू अर्ध्यावर राहिलं. त्यानं पलीकडे पाहिलं. तिथे शागदरच्या गुबगुबीत हातात त्याची स्वतःची टोपी होती, चौथ्या फेरीत पडायची सवय लागलेली. आणि इथे योंदोनच्या हातात दुसरी, तरणी, ससाण्याची.

"कुणाला कळलंय?" त्यानं हळूच विचारलं.

"मला."

"बस्स?"

"टोप्या धरतो तो मीच."

गवतात टोळ किरकिरत होते. "मघा टोपी घातलीस तेव्हापासून गुडघा दुखायचा थांबलाय, योंदोन," लोदोइ म्हणाला. "म्हणजे, तू हे सांगेपर्यंत."

योंदोननं टोपी त्याच्यासमोर धरली. तू म्हणशील तसं करतो, असं ते धरणं होतं. 'असू दे' एवढं लोदोइ म्हणाला असता तर योंदोनला हयातभर जे हवं होतं ते बहुधा तासाभरात मिळालं असतं.

"मला विचारू नकोस," लोदोइ म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला होता. "मी पैलवान आहे, मी जिंकायला आलोय. टोपीचं काम तुझं आहे. तुझं तू बघ." आणि तो पाठ फिरवून बंडीची दोरी घट्ट करू लागला.

योंदोन निघाला. झासूल आपली बाजू सोडून समोर जाताना कुणी कधी पाहिला नव्हता. तो दोन्ही हातांवर टोपी घेऊन सावकाश चालत राहिला, झेंड्यावरून, पंचांच्या समोरून, थेट शागदरपुढे जाऊन उभा राहिला आणि काहीतरी पुटपुटला.

शागदरनं आधी डोळे मोठे केले, मग तोंड. "अहो ऐका! उजव्या बाजूच्या झासूलानं टोप्या बदलल्या! अरे योंदोन, आज टोप्या बदलल्यास, उद्या बायका बदलशील!"

"त्यात माझा फायदाच आहे!" खानद गर्दीतून ओरडली, आणि माळ हशानं भरून गेला.

"भट्टीत कोळसाच टाकतोस ना रे? की बाईंचे खडू?"

"त्याला ढगांच्या टोप्या धरायला द्या, माणसांच्या नको!"

योंदोन मान खाली घालून उभा होता. ज्या माणसाला मी आयुष्यात कधी कुणाच्या डोक्याच्या खाली बघताना पाहिलं नव्हतं, तो आपल्या बुटांकडे बघत होता. गोंचिगला मात्र हसू आलं नाही. त्याचा रंग उतरला होता. एक म्हातारी डोंगरातल्या धुपाची पेटती फांदी घेऊन आली, दोन्ही टोप्या धुरावरून फिरवल्या गेल्या आणि आपापल्या हातांत परत गेल्या. गोंचिगनं योंदोनच्या कोपराला आपला हात लावला, वडीलधाऱ्याला लावतात तसा. "काका, बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाला.

योंदोन परत आला तेव्हा त्याच्या हातात ठिगळाची टोपी होती. दोरीजवळ येऊन तो माझ्याकडे वळला आणि हरवल्यासारखा म्हणाला, "बाई, ओळ गेली."

"कुठली?"

"शेवटची. जाताना होती. येताना नाही."

मग कुस्ती लागली.

त्या कुस्तीविषयी काय सांगावं! त्या काळी आमच्याकडे कुस्तीला वेळेचं बंधन नव्हतं; सुटेल तेव्हा सुटायची. दोघांनी एकमेकांच्या बंड्या धरल्या, कपाळाला खांदा लावला आणि ते थांबले. नुसते थांबले. सुरुवातीला लोक ओरडत होते. मग ओरडणं कमी होत गेलं. पाखरं उतरली आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर गवतात दाणे टिपू लागली. ढगाची सावली आली, त्यांच्यावरून गेली, दुसरी आली. पलीकडे शर्यतीचे घोडे आले म्हणून निम्मी माणसं तिकडे धावली, धुळीनं माखून परत आली, आणि हे दोघं तसेच. कुणाचं तरी मूल माझ्या कुशीत झोपलं. ते कुणाचं हे मी विचारलं नाही. ऐरागचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा हातोहात फिरत होता. लोक कुजबुजत होते, जणू त्या दोघांना झोप लागलीये आणि ती मोडायला नको. पाहता पाहता मलाही वाटू लागलं की ही दोन माणसं नाहीत, फार पूर्वीपासून इथे असलेले दोन दगड आहेत आणि आम्हीच त्यांच्याभोवती मुक्कामाला आलोय.

मध्येच एखाद्याचा पाय वीतभर सरकायचा आणि सगळ्या माळाचा श्वास अडकायचा. योंदोन टोपी छातीशी धरून फेऱ्या घालत होता. एकदा त्यानं पुढे होऊन लोदोइला चापट मारली, इतकी जोरात की झोपलेलं मूल दचकून उठलं. "अरे, नदीचा काठ ना तू!" तो म्हणाला. पुकारून नाही, नुसतंच, मित्राला म्हणावं तसं. लोदोइच्या पाठीचे स्नायू हलले. त्यानं गोंचिगला कमरेपासून उचललं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं, गोंचिगचे दोन्ही बूट गवतापासून सुटले होते. माझ्या मागे त्सेवेलच्या तोंडून कसलासा आवाज निघाला.

आणि गुडघा वाकला. फार नाही, पण गोंचिगसारख्याला तेवढं पुरतं. तो हवेतच वळला, आणि लोदोइ सावकाश, आपल्या नेहमीच्या संथपणानं, कुशीवर गवतात गेला.

लोदोइ थोडा वेळ तसाच पडून आकाश बघत राहिला. मग उठला, बंडी सोडली, हरणाऱ्याच्या रिवाजानं गोंचिगच्या हाताखालून गेला. योंदोननं त्याची टोपी दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावर ठेवली, पुढून पाहिली, बाजूनं पाहिली, किंचित सरळ केली. लोदोइ दोरी ओलांडून बाहेर आला आणि त्याचा अंगरखा माझ्या शेजारी होता तो अंगात घालू लागला. त्याला बाही सापडत नव्हती; मी धरली.

"तीच टोपी ठेवली असती तर," मागून कुणीतरी म्हणालं.

"तर गुडघा त्याचाच असता ना?" त्सेवेलनं तिकडे न बघताच सुनावलं. मग नवऱ्याला म्हणाली, "चला. घोड्या वाट बघतायत."

तो हो म्हणाला. पण शेवटची कुस्ती लागत होती, म्हणून दोघं तसेच रेंगाळले.

गोंचिगची गाठ आता डाव्या बाजूच्या एका दांडग्या गुराख्याशी होती. तो पुन्हा आमच्या बाजूला आला आणि त्याची टोपी पुन्हा योंदोनकडे. गोंचिगनं टोपी काढली, पुढे केली. आणि त्याचा हात जरासा अडखळला. फार थोडा. गोंचिग चांगल्या घरचा मुलगा, त्यानं लगेच हात पुढे नेला. पण योंदोनला दिसलं होतं. गर्दीतही कुणीतरी खुदकन हसलं.

योंदोननं टोपी घेतली नाही. आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं, पालथे, उताणे. मग वळून म्हणाला, "लोदोइ, इकडे ये."

"काय आता?"

"ही टोपी धर."

लोदोइला वाटलं थट्टा आहे. "मी? मला आत्ताच पाडलंय त्यानं!"

"म्हणूनच. त्याचं वजन तुझ्याइतकं आज कुणाला माहीत आहे?"

"मी कधी टोपी धरलेली नाही, योंदोन. धरतात कशी तेही..."

"दोन्ही हातांनी. आणि आकाशाकडे बघायचं नाही. ते माझ्याकडून होत नाही, तुझ्याकडून होईल. मी त्याचं बिरुद पुकारतो. आवाज अजून माझाच आहे."

लोदोइ उभा राहिला. एका बाजूला त्सेवेल, हातात दोन्ही लगाम. दुसऱ्या बाजूला दोरी, आणि दोरीच्या आत ते तुडवलेलं गवत. तो दोरी ओलांडून गेला. अंगरख्याला हात पुसले आणि ज्यानं त्याला पाडलं होतं त्याच्या हातून टोपी घेतली. लहान बाळ घ्यावं तशी, अंगठे बाहेर, बोटं खाली. गोंचिगनं मान झुकवली. शागदरनं समोरून काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि, आश्चर्य म्हणजे, मिटलं.

मग योंदोननं बिरुद पुकारलं. मी त्याला वर्षानुवर्षं ऐकलं होतं, पण रिकाम्या हातांनी कधीच नाही. त्यानं हात पसरले आणि गोंचिगचं नाव सोडलं. ते माळावरून गेलं, नदीवरून गेलं, आणि डोंगरानं ते परत पाठवेपर्यंत कुणी हललं नाही. शब्द साधे होते, ससाण्याला जे असतात ते. लोदोइसाठी रचलेल्यातला एकही त्यात नव्हता. ते दुसऱ्याच्या मापाचे होते.

कुस्ती लागली. ही चपळ होती, पळापळीची. पण लोदोइचं लक्ष कुस्तीवर नव्हतं, लोकांवर नव्हतं, कशावरच नव्हतं. तो हातातल्या टोपीवर नजर ठेवून, पैलवान सरकेल तसा, दुखऱ्या गुडघ्यानं सरकत होता.

ऊन कलत होतं. मागे घोडे अस्वस्थ होऊन खूर आपटू लागले. त्सेवेलनं दोरीवरून वाकून हाक मारली, "अहो! चलताय ना? दूध आटेल तिकडे!"

लोदोइनं मान वर केली नाही.

"थांब गं," तो म्हणाला. "हातात माणसाची टोपी आहे."